सरपणाचा हिशेब: कॉक्स बाझारचे डोंगर आणि रोहिंग्या छावण्या

बांगलादेशाच्या आग्नेय टोकाला कॉक्स बाझार जिल्हा आहे. पश्चिमेला बंगालचा उपसागर, पूर्वेला नाफ नदी आणि नदीपलीकडे म्यानमारचा राखाइन प्रांत, म्हणजेच जुना आराकान. समुद्र आणि नदी यांच्यामधून दक्षिणेकडे निमुळती होत गेलेल्या पट्टीवर उखिया आणि टेकनाफ हे दोन उपजिल्हे आहेत. पट्टीच्या मधून बुटक्या डोंगरांची रांग जाते. हे डोंगर कातळाचे नाहीत. वाळू आणि चिकणमातीच्या कच्च्या थरांचे हे उंचवटे झाडांच्या मुळांनी धरून ठेवलेले होते. पाऊस कोकणातल्यासारखाच, वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या पुढे आणि बहुतेक पावसाळ्याच्या चार महिन्यांत कोसळणारा. २०११ च्या जनगणनेत या दोन उपजिल्ह्यांची लोकसंख्या पावणेपाच लाखांच्या घरात होती. २०१७ च्या ऑगस्टनंतर काही महिन्यांतच तिथे आणखी सात लाखांहून अधिक माणसे येऊन राहिली. एखाद्या मुलखात परदेशातून एवढी माणसे एकाएकी आली की तिथल्या जंगलाचे, पाण्याचे आणि मातीचे काय होते, याचा इतका बारकाईने नोंदलेला दाखला अलीकडच्या काळात क्वचितच सापडेल.

नाफ ओलांडून माणसे येणे या भागाला नवे नव्हते. १७८४-८५ मध्ये बर्मी राजा बोदोपाया याने आराकान जिंकले, तेव्हा हजारो आराकानी लोक उत्तरेकडे कंपनी सरकारच्या मुलखात पळून आले. त्यांची सोय लावण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने कॅप्टन हायरम कॉक्स या अधिकाऱ्याची नेमणूक केली. निर्वासितांना वसवण्याचे काम पुरे होण्याआधीच १७९९ मध्ये तो वारला. त्याच्या नावाने बाजार वसला आणि पुढे तेच नाव जिल्ह्याला मिळाले. त्या काळी जंगल अफाट आणि माणसे थोडी होती. आलेल्यांनी झाडी तोडून पडीक जमीन लागवडीखाली आणली, तर त्यात सरकारला महसुलाचा लाभच दिसत होता.

दोनशे वर्षांनी परिस्थिती उलटी झाली होती. १९७८ मध्ये म्यानमारच्या लष्करी राजवटीने राखाइनमध्ये नागरिकत्व तपासणीची मोहीम काढली आणि दोन लाखांहून अधिक रोहिंग्या मुसलमान नदी ओलांडून आले. त्यातले बहुतेक वर्ष-दीड वर्षात परत पाठवले गेले. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांना त्यांच्याच देशात परके ठरवले. १९९१-९२ मध्ये सक्तीची वेठबिगारी आणि अत्याचार यांना कंटाळून सुमारे अडीच लाख लोक पुन्हा आले. याही वेळी बहुतेकांना परत धाडण्यात आले, पण उखियातील कुतुपालाँग आणि टेकनाफमधील नयापाडा अशा दोन नोंदणीकृत छावण्या मागे उरल्या. त्यांच्याभोवती नोंद नसलेल्यांच्या झोपड्यांची वस्ती हळूहळू वाढत गेली.

या छावण्या ज्या डोंगरात होत्या तिथले जंगलही तोवर पूर्वीचे राहिलेले नव्हते. टेकनाफच्या सुमारे ११,६०० हेक्टर जंगलाला १९८३ मध्ये वन्यजीवांसाठी राखीव क्षेत्राचा आणि पुढे अभयारण्याचा दर्जा मिळाला. कागदावरचा हा दर्जा जमिनीवर फारसा उतरला नाही. उंच वाढणारे गर्जन वृक्ष इमारती लाकडासाठी तोडले जात होते, उतारांवर पानमळे चढत होते, वीटभट्ट्यांना जळण लागत होते आणि गावोगावच्या चुली जंगलावरच पेटत होत्या. वनखात्याने अनेक ठिकाणी जुने रान काढून झपाट्याने वाढणारी अकेशियाची झाडे लावली होती. छावण्यांमुळे अस्पर्श अरण्य नष्ट झाले असे जे सर्रास सांगितले जाते, ते म्हणूनच खरे नाही. अर्धेमुर्धे ओरबाडलेले, तरीही हत्तींना पोसणारे आणि माती धरून ठेवणारे असे ते जंगल होते. नंतरच्या काळात ते किती गेले याचा हिशेब करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

२५ ऑगस्ट २०१७ रोजी राखाइनमध्ये रोहिंग्यांच्या एका सशस्त्र गटाने सुमारे तीस पोलीस चौक्यांवर आणि एका लष्करी तळावर हल्ले केले. त्यानंतर म्यानमारच्या लष्कराने गावेच्या गावे जाळायला सुरुवात केली. लोक चिखलातून, भातखाचरांतून आणि होड्यांतून नाफ पार करू लागले. पहिल्या पाच आठवड्यांत पाच लाख माणसे आली. जिथे जागा मिळेल तिथे ती थांबली. रस्त्याच्या कडेला, शाळांच्या अंगणात आणि बहुतेक सारी कुतुपालाँगच्या जुन्या छावणीभोवतालच्या टेकड्यांवर. सप्टेंबरच्या मध्यात सरकारने कुतुपालाँग आणि बालुखाली यांच्यामधली दोन हजार एकर वनजमीन छावणीसाठी दिली, आणि ती अपुरी पडल्यावर ऑक्टोबरमध्ये आणखी एक हजार एकर. जमीन मोजून, रस्ते आखून, मग माणसे वसवावीत एवढा अवधी कुणालाच नव्हता. लोकांनी आधी डोंगर साफ केले, उतारावर पायऱ्यांसारख्या सपाट्या खणल्या, बांबूच्या कामट्यांवर ताडपत्री ताणली, आणि सरकारी आखणी मागाहून तिथे पोचली. पुढे बांगलादेशच्या लष्कराने छावणीतून विटांचा रस्ता काढला. आंतरराष्ट्रीय निकषानुसार निर्वासित छावणीत माणशी ४५ चौरस मीटर जागा लागते. कुतुपालाँग-बालुखालीत ती सरासरी अकराच्या आत होती. सहा लाखांवर वस्तीची ही छावणी जगातली सर्वांत मोठी ठरली.

जागेसाठी झालेली ही तोड डोळ्यांत भरणारी होती, पण ती एकदाच झाली. त्यानंतरची तोड रोजची होती. तिचे कारण शिध्याच्या पोत्यात होते. जागतिक अन्न कार्यक्रमाकडून प्रत्येक कुटुंबाला तांदूळ, डाळ आणि तेल मिळत असे. कच्चा तांदूळ आणि कच्ची डाळ शिजवायची कशावर, याची तरतूद बहुसंख्य कुटुंबांसाठी नव्हती. जुन्या नोंदणीकृत छावण्यांत भाताच्या तुसाच्या दाबून केलेल्या कांड्या जळण म्हणून वाटल्या जात असत. लाखो नव्या लोकांना त्या पुरवणे शक्य झाले नाही. झोपडीच्या एका कोपऱ्यात मातीची चूल घातली जाई आणि तिच्यासाठी एका कुटुंबाला दिवसाला साधारण पाच किलो लाकूड लागे. सगळ्या छावण्यांचा मिळून हा आकडा रोज सुमारे सातशे टनांवर गेला. एवढे लाकूड म्हणजे रोज फुटबॉलच्या चार मैदानांएवढे रान, असा मदत संस्थांचा अंदाज होता.

सरपण आणण्याचे काम मुलांवर आणि बायकांवर पडले. सुरुवातीला झोपडीच्या मागे लाकूड मिळत होते. काही आठवड्यांत ते दूर गेले आणि मग मोळीसाठी जाऊन-येऊन अर्धा दिवस जाऊ लागला. जंगलात बायकांवर अत्याचार होण्याची भीती होती, स्थानिक लोकांशी हाणामारीचे प्रसंग येत होते, आणि शाळेच्या वयाची मुले कोयते घेऊन डोंगर पालथे घालत होती. ज्यांच्या घरात जाणारे कुणी नव्हते, त्यांनी मिळालेल्या शिध्यातली डाळ, तेल किंवा तांदूळ विकून लाकूड विकत घेतले. काहींनी दिवसातून एकदाच चूल पेटवली. खिडकी नसलेल्या ताडपत्रीच्या खोलीत ओल्या लाकडाचा धूर कोंडून राही आणि छावणीतल्या दवाखान्यांत श्वसनाच्या तक्रारींची रांग लागे.

झाडे संपल्यावर लोकांनी बुंधे तोडले, आणि बुंधे संपल्यावर मुळे खणायला घेतली. या तीन टप्प्यांतला फरक फार मोठा आहे. या भागातली बरीच रुंदपानी झाडे बुंध्याशी तोडली तरी एक-दोन पावसाळ्यांत त्यांना फुटवे येतात. जमिनीखाली जिवंत मुळे असतील तर रान स्वतःहून परत उभे राहते. मूळ उपटले की हा मार्ग बंद होतो. त्याशिवाय कच्च्या मातीच्या उतारावर प्रत्येक उपटलेल्या मुळाच्या जागी एक खड्डा राहतो, त्यात पाणी मुरते आणि बाजूची माती सैल होते. २०१७ च्या शेवटी कुतुपालाँगच्या आसपासच्या टेकड्यांवर हिरवे काही उरले नव्हते आणि तांबूस-पिवळ्या उतारांवर अशा खड्ड्यांची चाळण झाली होती. ज्या लोकांनी हे केले ते शेतकरी आणि मच्छीमार होते, झाडाचे मूळ उपटले तर काय होते हे त्यांना कळत नव्हते असे मुळीच नाही. संध्याकाळच्या भाताला दुसरे जळण नव्हते.

असे होणार याची पूर्वसूचना जगाकडे होती, आणि म्हणूनच ही चूक अधिक खुपते. १९९४ च्या जुलैमध्ये रवांडातून आठ लाखांच्या आसपास माणसे चार-पाच दिवसांत झाईरच्या (आजच्या काँगोच्या) गोमा शहराजवळ पोचली. त्यांच्या छावण्या विरुंगा राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला लागल्या. १९२५ मध्ये स्थापन झालेले, पर्वतीय गोरिलांसाठी प्रसिद्ध असलेले हे आफ्रिकेतले पहिले राष्ट्रीय उद्यान. तिथेही शिधा मिळत होता आणि सरपण नव्हते. हजारो माणसे रोज उद्यानात जाऊन शेकडो टन लाकूड आणत होती. त्याच वर्षी युनेस्कोने विरुंगाला धोक्यात आलेल्या जागतिक वारशाच्या यादीत टाकले. त्या अनुभवानंतर संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने १९९६ मध्ये पर्यावरणविषयक मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले. संरक्षित जंगलाजवळ छावणी उभारू नये, जळणाचा विचार पहिल्या दिवसापासून करावा, या गोष्टी तेव्हापासून ठाऊक होत्या. वीस वर्षांनी कॉक्स बाझारमध्ये अन्नाचा पैसा पहिल्या दिवशी आला आणि जळणाचा पैसा जवळजवळ वर्षाने.

जंगल गेल्याचा पहिला जीवघेणा परिणाम हत्तींच्या रूपाने दिसला. बांगलादेशात रानहत्ती फार थोडे आहेत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात कायम वास्तव्याला असलेल्या हत्तींची संख्या अंदाजे २६८ होती. त्यातले पस्तीस ते पंचेचाळीस कुतुपालाँगच्या परिसरात वावरत. उखिया-घुमधुम हा त्यांचा म्यानमारकडे जाण्या-येण्याचा जुना मार्ग नेमका नव्या छावणीतून जात होता. माणसे आली तेव्हा हत्ती डोंगराच्या पश्चिम बाजूला होते. परतताना त्यांच्या वाटेत सहा लाखांची वस्ती उभी होती. समुद्र आणि छावणी यांच्यामध्ये ते कोंडले गेले. नेहमीच्या वाटेने ते रात्री येत आणि ताडपत्रीच्या झोपड्या तुडवत पुढे जात. पहिल्या काही महिन्यांत छावणीत बाराहून अधिक माणसे हत्तींच्या पायाखाली मेली, आणि त्यात लहान मुले होती.

यावर काढलेला उपाय साधा होता आणि तो लागू पडला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटना आणि निर्वासित संस्था यांनी रोहिंग्यांमधूनच शेकडो स्वयंसेवकांची पथके तयार केली. छावणीच्या कडेने बांबूचे पन्नासहून अधिक उंच मचाण बांधले गेले. रात्रभर पहारा, हत्ती दिसला की शिट्टी आणि विजेरीच्या खुणा, गर्दीला मागे सारून हत्तीसाठी एक बाजू मोकळी सोडणे आणि माणसांची रांग करून त्याला हळूहळू रानाकडे वळवणे, अशी पद्धत बसवण्यात आली. त्याआधी गर्दी हत्तीला चहूबाजूंनी घेरत असे आणि बिथरलेला हत्ती समोर येईल ते तुडवत असे. पथके उभी राहिल्यानंतर छावणीतले मृत्यू थांबले. हत्तींची वाट मात्र मोकळी झाली नाही. अडकलेल्या कळपाला उरलेल्या तुटपुंज्या रानावर गुजराण करावी लागली. गावांच्या शेतांत आणि बागांत त्यांचा उपद्रव वाढला आणि शेतकऱ्यांनी लावलेल्या विजेच्या तारांनी कॉक्स बाझारमध्ये पुढच्या वर्षांत हत्ती मेल्याच्या बातम्या येत राहिल्या.

२०१८ चा पावसाळा जवळ आला तशी मदत संस्थांची धावपळ सुरू झाली. पाहणीनुसार सुमारे दोन लाख माणसे पूर किंवा दरडीच्या टप्प्यात राहत होती आणि त्यातली पंचवीस हजारांच्या आसपास अगदी कड्याच्या टोकाशी किंवा पायथ्याशी. त्यांना हलवायला सपाट जागा हवी होती, आणि सपाट जागा मिळवण्यासाठी आणखी टेकड्या यंत्रांनी कापाव्या लागल्या. वाळूच्या पोत्यांच्या भिंती, बांबूचे कठडे, उतारावरच्या पायऱ्या आणि पाण्याला वाट काढून देणारे चर असे काम महिनोन्‌महिने चालले. त्या वर्षी ज्या प्रमाणावर अनर्थ होईल अशी भीती होती तो टळला. दरडी मात्र पडत राहिल्या. २०२१ च्या जुलैअखेर एका दिवसात सुमारे तीनशे मिलिमीटर पाऊस झाला, दरडी आणि पुराने माणसे मेली आणि हजारोंना झोपड्या सोडाव्या लागल्या. २०२४ च्या जूनमध्ये एका रात्रीत नऊ-दहा माणसे ढिगाऱ्याखाली गेली.

डोंगरावरून वाहून आलेली माती कुठेतरी जाऊन साचणार होती. ती खालच्या ओढ्यांत आणि गावकऱ्यांच्या भातखाचरांत गेली. छावणीलगतच्या शेतकऱ्यांची तक्रार वाळूची आणि प्लॅस्टिकची होती: पावसाच्या पहिल्या सरीबरोबर उतारावरचा कचरा, पिशव्या आणि गाळ शेतात उतरे आणि ते रान पिकाच्या कामाचे राहत नसे. काहींची कसती जमीनच छावणीखाली गेली होती. मजुरीचे दर घसरले, कारण छावणीतून चोरून येणारा माणूस निम्म्या पैशात राबायला तयार होता. भाजी आणि लाकूड महागले. स्थानिक गरिबांची चूलही त्याच जंगलावर चालत होती, हे पहिल्या धावपळीत मदत करणाऱ्यांच्या लक्षात आले नाही. सुरुवातीच्या दिवसांत आलेल्यांना स्वतःच्या घरात आसरा देणारे, भात शिजवून घालणारे हेच गावकरी होते. वर्षभरात त्यांच्या तोंडी नाराजी आली, ती अकारण नव्हती. पुढे मदत योजनांमध्ये ठरावीक वाटा स्थानिकांसाठी ठेवण्याची पद्धत पडली.

पाण्याची कथा उखियात एक आणि टेकनाफमध्ये दुसरी. कुतुपालाँगच्या भागात जमिनीखाली पाणी आहे. पहिल्या महिन्यांत तिथे घाईघाईने हजारो उथळ कूपनलिका खोदून हातपंप बसवले गेले आणि त्यांच्या शेजारीच खड्ड्यांचे संडास. काही पंप आणि संडास यांच्यात चार-पाच पावलांचे अंतर होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तपासणीत घराघरांतल्या पाण्याच्या बहुतांश नमुन्यांत विष्ठेतले जिवाणू सापडले. खड्डे भरले की मैला नेऊन टाकायला जागा नव्हती. नंतर उथळ पंप बंद करून खोल विहिरी घेण्यात आल्या, सौरऊर्जेवर पाणी टाक्यांत चढवून क्लोरिन घालून नळांनी देण्याची व्यवस्था झाली, आणि ऑक्सफॅम या मदत संस्थेने सुमारे दीड लाख लोकांचा मैला हाताळणारे प्रक्रिया केंद्र उभारले. टेकनाफमध्ये खाली गोड्या पाण्याचा भरवशाचा साठाच नाही. समुद्र आणि नाफ दोन्हीकडून खारे पाणी जवळ. तिथे डोंगरातल्या ओढ्यांवर बांध घालून पाणी साठवावे लागते. कोरड्या महिन्यांत हे साठे तळाला गेले की टँकर लागतात, आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला असलेल्या शेतकऱ्याच्या वाट्याला तेवढे पाणी कमी येते.

सरपणाच्या प्रश्नावर तोड निघाली ती २०१८ च्या मध्यापासून. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना, स्थलांतर संघटना आणि अन्न कार्यक्रम यांनी मिळून एक योजना आखली, तिच्यात निर्वासित संस्थाही आपल्या छावण्यांत सामील झाली. प्रत्येक कुटुंबाला एक शेगडी आणि स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर द्यायचे, आणि घरातल्या माणसांच्या संख्येनुसार ठरावीक दिवसांनी ते भरून द्यायचे. दाटीवाटीच्या ताडपत्रीच्या वस्तीत गॅस देणे अनेकांना धोक्याचे वाटत होते, आणि घेणाऱ्यांनाही स्फोटाची धास्ती होती. शेगडी देण्याआधी प्रत्येक घरातल्या व्यक्तीला ती पेटवायची, बंद करायची आणि गळती ओळखायची कशी, हे शिकवले गेले. २०१९ च्या अखेरपर्यंत जवळजवळ सगळ्या निर्वासित कुटुंबांत आणि काही स्थानिक घरांत गॅस पोचला. सरपणाची मागणी सुमारे ऐंशी टक्क्यांनी घटल्याचे नंतरच्या अभ्यासात आढळले. मुले जंगलात जायची थांबली, शिधा विकण्याचे एक कारण संपले आणि धुराच्या तक्रारी कमी झाल्या. माणसे तितकीच होती, किंबहुना जन्मांमुळे वाढत होती, आणि तरीही जंगलावरचा भार एका वर्षात उतरला. लोकसंख्येच्या आकड्यावरून जंगलाचे भवितव्य सांगणाऱ्यांना या अनुभवाकडे दुर्लक्ष करता येणार नाही.

चुलीचा भार उतरल्यावरच झाडे लावण्याला अर्थ आला. त्याआधी लावलेले रोप पुढच्या महिन्यात कुणाच्या तरी मोळीत गेले असते. उघड्या उतारांवर आधी वाळा लावण्यात आला. वाळ्याची मुळे सरळ खाली दोन-तीन मीटर जातात आणि सुटी माती शिवून घेतात. वरचे पान कापले तरी गवत मरत नाही. त्याच्या आधाराने मग स्थानिक जातींची झुडपे आणि झाडे. पूर्वीच्या अकेशियाऐवजी देशी जाती मिसळून लावण्याकडे या वेळी कल होता. रोपे लावण्याचे आणि राखण्याचे काम निर्वासितांनी आणि गावकऱ्यांनी रोजंदारीवर केले. दोन-तीन पावसाळ्यांनंतर उपग्रहाच्या चित्रांत छावणीतले ओसाड पट्टे पुन्हा हिरवे दिसू लागले. ते हिरवेपण म्हणजे जुने जंगल नव्हे. हत्तीला पोटभर चारा देईल किंवा गर्जनाच्या सावलीत वाढणाऱ्या वनस्पतींना आसरा देईल, असे रान व्हायला कित्येक दशके जावी लागतात.

बांबूच्या बाबतीतही असाच धडा उशिरा मिळाला. झोपड्यांसाठी लाखो बांबू देशभरातून आणले गेले. मागणी एवढी की कोवळे, न पिकलेले बांबूही कापले गेले, आणि त्यांना भुंगेऱ्यांनी वर्षभरात पोखरले. घर कोसळायच्या बेताला आले की पुन्हा नवे बांबू. स्थलांतर संघटनेने बोरॉनच्या द्रावणात बांबू मुरवण्याचे केंद्र काढल्यावर एकेक बांबू अनेक वर्षे टिकू लागला आणि बांबूच्या बेटांवरची तोड त्या मानाने कमी झाली.

दाटीचा धोका मात्र कशानेच टळला नाही. २२ मार्च २०२१ रोजी बालुखालीत लागलेल्या आगीने काही तासांत हजारो झोपड्या गिळल्या, किमान अकरा माणसे मेली आणि सुमारे ४५ हजार लोक बेघर झाले. आगीच्या ज्वाळांत सिलिंडर फुटले आणि छावणीभोवती घातलेल्या काटेरी कुंपणामुळे पळणाऱ्यांची वाट अडली. त्यानंतरही छोट्या-मोठ्या आगी दरवर्षी लागत आल्या आहेत.

जंगलाच्या नुकसानीचे आकडे कोण मोजतो त्यावर बदलतात. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने २०१८ मध्ये ४,३०० एकर डोंगर आणि जंगल गेल्याचे म्हटले. बांगलादेश सरकार साडेसहा हजार एकरांहून मोठा आकडा सांगत आले. छावण्यांनी मोठी हानी केली याबद्दल दुमत नाही. त्याच काळात त्याच जिल्ह्यात काय चालले होते, हेही नोंदवायला हवे. २०२१ मध्ये सरकारने कॉक्स बाझार शहराजवळच्या झिलोंजा येथील ७०० एकर संरक्षित वनजमीन सनदी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण संस्थेसाठी देऊ केली. न्यायालयाने स्थगिती दिली आणि २०२४ मध्ये जमीन देण्याचा निर्णय रद्द झाला. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालेला दोहाजारी ते कॉक्स बाझार हा लोहमार्ग चुनोती अभयारण्यातून काढण्यात आला. हत्तींसाठी त्यावर खास पूल बांधला गेला, तरी पुढच्या वर्षी तिथे रेल्वेच्या धडकेने हत्तीचे एक पिल्लू दगावले. एका बाजूला जिवाच्या भीतीने आलेल्यांनी भात शिजवायला तोडलेले झाड आणि दुसऱ्या बाजूला आराखड्यावर रेघ मारून दिलेले जंगल, या दोहोंना एकाच मापाने मोजणे न्याय्य नाही. सार्वजनिक चर्चेत मात्र पहिल्याचीच मोजदाद अधिक झाली.

छावण्यांवरचा भार हलका करण्यासाठी सरकारने मेघना नदीच्या मुखाजवळ गाळाने बनलेल्या भासान चर या बेटावर वस्ती बांधली आणि २०२० च्या डिसेंबरपासून तिथे तीसेक हजार माणसे नेली. कॉक्स बाझारच्या दृष्टीने हा उतारा नगण्य ठरला, कारण तेवढी मुले छावण्यांत एका वर्षात जन्माला येतात. राखाइनमध्ये आराकान आर्मी ही बंडखोर संघटना आणि म्यानमारचे लष्कर यांच्यात युद्ध भडकल्यावर २०२४ च्या सुरुवातीपासून दीड वर्षात आणखी दीड लाख रोहिंग्या नदी ओलांडून आले. त्यांच्यासाठी नवी जमीन देण्यात आली नाही. ते आधीच्याच झोपड्यांत आणि मोकळ्या राहिलेल्या तुकड्यांवर सामावले गेले.

दरम्यान मदतीचा ओघ आटत गेला. २०२३ मध्ये अन्नाची मदत माणशी महिना १२ डॉलरवरून आधी १० आणि मग ८ डॉलरपर्यंत खाली आली आणि पुढच्या वर्षी पुन्हा वाढवण्यात आली. २०२५ मध्ये अमेरिकेसह मोठ्या देणगीदारांनी परदेशी मदतीला कात्री लावली. जुलैमध्ये निर्वासित संस्थेने जाहीर इशारा दिला की नवा निधी न मिळाल्यास सप्टेंबरपर्यंत स्वयंपाकाचा गॅस संपेल आणि डिसेंबरपर्यंत अन्नवाटपही बंद पडेल. सप्टेंबरअखेर न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत अमेरिका आणि ब्रिटन यांनी नव्या मदतीची घोषणा केली, पण ती गरजेच्या मानाने थोडी होती. रोहिंग्यांना बांगलादेशात छावणीबाहेर जाऊन रोजगार करण्याची कायदेशीर परवानगी नाही. सिलिंडर स्वतःच्या कमाईतून भरून घेण्याची सोय त्यांना नसल्यामुळे उखिया-टेकनाफच्या डोंगरांवरची नवी झाडी दरवर्षीच्या देणग्यांवर अवलंबून राहिली आहे.